सुक्या भेंडीचा गंबो

पेरोंच्या रेस्टॉरंटमध्ये मेनूच्या पहिल्याच पानावर ‘पेरो घराण्याचा गंबो’ असं वळणदार अक्षरांत छापलेलं असे. त्या गंबोत, म्हणजे चिंबोऱ्या-कोळंबीच्या दाट रस्स्यात, पेरो घराण्याचं काय होतं म्हणाल, तर पातेलं. बाकी सगळं आत रांधणाऱ्या झेलीनचं. म्हाताऱ्या मिस्टर पेरोंना अंडं उकडायला सांगितलं असतं तरी त्यांनी हात पोळून घेतला असता, पण बाहेर पांढऱ्या टेबलक्लॉथांमधून फिरताना ते गिऱ्हाइकांना ही आपल्या आजीच्या हातची चव म्हणून सांगत. चव आजीच्याच हातची होती, फक्त आजी त्यांची नव्हती. झेलीनच्या आईची आजी डोक्यावर पातेलं घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांतून गंबो विकायची, आणि त्या विक्रीतून तिनं मालकाला पैसे मोजून स्वतःला गुलामीतून सोडवून घेतलं होतं. झेलीन हे कुणाला सांगायला जात नसे. आत चुलीपाशी सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाहेर सांगून तिची पणजी काही मेनूवर येणार नव्हती.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला की मांस बंद. मग शुक्रवारी सगळं शहर चिंबोऱ्या-कोळंबीवर तुटून पडे. झेलीन सकाळी येऊन कोळंबीची सालं आणि डोकी उकळायला ठेवी आणि जाड बुडाच्या भांड्यात तेल-पीठ घेऊन उभी राही. पीठ परतत राहायचं, हात थांबवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. आधी ते शेंगदाण्याच्या रंगावर येतं, मग तांबूस होतं, आणि करपायच्या अगदी जरा आधी कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची आत पडली पाहिजे. त्यावर सालांचं पाणी, तमालपत्र, तिखट, मग चिंबोऱ्या, मग कोळंबी, सगळ्यात शेवटी कालवं. भांडं उतरवलं की फिले, म्हणजे सॅसफ्रसच्या वाळल्या पानांची हिरवट पूड, तिच्यानं रस्सा दाट होतो. उकळत्या भांड्यात फिले घातली तर रस्स्याच्या तारा सुटतात आणि सगळं वाया जातं. असं करणाऱ्या एका नव्या आचाऱ्याला झेलीननं पळीनं मारलं होतं, आणि त्याचा तिला अजून पश्चात्ताप झालेला नव्हता.

दुपारी मिस्टर अँब्रोज झुलत्या दारातून आत येत आणि “भिंतीकडचं टेबल आलं,” एवढंच म्हणत. ते पेरोंकडचे सगळ्यात जुने वाढपी, झेलीनच्याच गल्लीत राहणारे. भिंतीकडच्या टेबलावर कापसाचे दलाल मिस्टर हॅलोरन बसत, सोबत त्यांची आई आणि त्यांची बायको. ही बायको म्हणजे झेलीनची सख्खी धाकटी बहीण, नोएमी.

नोएमी गोरी झाली होती. आमच्या सातव्या वॉर्डात, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत, कुणी गोऱ्यांत गोरं म्हणून राहायला गेलं की असंच म्हणतात, आणि ज्या घरातलं कुणीच गोरं होऊन गेलेलं नाही असं घर तिथं शोधून सापडायचं नाही. दोघी एकाच आईच्या पोटच्या, पण झेलीनचा रंग कॉफीत दूध घातल्यासारखा आणि नोएमीचा नुसत्या दुधासारखा. नोएमी कॅनाल स्ट्रीटवर टोप्यांच्या दुकानात कामाला लागली तेव्हा दुकानदारणीनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पुढं टोपी घ्यायला मिस्टर हॅलोरन आले, मग टोपी नको असतानाही येत राहिले. त्यांना तिनं सांगितलं की आपण मोबील शहरातल्या फ्रेंच घराण्यातल्या, आई-वडील तापाच्या साथीत गेले. म्हणजे हॅलोरनांच्या घरात आई फार पूर्वीच वारलेली होती.

अशा माणसाशी कसं वागायचं हे आमच्याकडे लहान पोरांनासुद्धा शिकवावं लागत नाही. रस्त्यात दिसली तर ओळख द्यायची नाही, मान वळवायची नाही, आणि संध्याकाळी तिच्या आईच्या ओट्यावर जाऊन सांगायचं की आज दिसली, जरा बारीक झालीय, पण तब्येत बरी वाटली. तिला उघडी पाडणं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. ट्राममध्ये ‘काळ्यांसाठी’ अशी पाटी लावलेली होती, आणि त्या पाटीच्या पुढं आपल्यातलं कुणी जाऊन बसलंय याचा लोकांना आतून थोडा आनंदही होता. पण ज्या घरातून ते माणूस उठून गेलेलं असे, त्या घरात आनंद कमी असे.

नोएमी एरवी वर्षभर पेरोंकडे यायची नाही. उपवासकाळातले शुक्रवार मात्र तिनं कधी चुकवले नाहीत. झेलीनला तिचा राग होता, आणि त्या रागातच ती तिच्यासाठी पातेल्यातली सगळ्यात भरलेली चिंबोरी निवडून वाटीत घालायची. दार उघडमीट होताना तिला कधी टोपीचा काठ दिसे, कधी हातमोजे काढलेला हात. संध्याकाळी घरी गेल्यावर आई आधी तेच विचारायची.

“आली होती?”

“आली होती.”

“संपवलं?”

“चाटून पुसून. डेंगे फोडून आतलं सगळं काढलंन. नवऱ्याची आई बघत होती, म्हणाली म्हणे, इतकं कसं ग जमतं तुला.”

आई, म्हणजे मिस उर्सुल, यावर हसायची आणि मग पुढचा शुक्रवार येईपर्यंत त्यावर जगायची. पोरगी आपला रस्सा खायला येते, तोंडानं तोडलं तरी जिभेनं तोडता आलं नाही तिला, असं झेलीनला वाटे, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमानही वाटे.

त्या वर्षी राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे उपवासकाळ लागल्या लागल्या, आईचे पाय सुजले. मग उशीवर पडलं की श्वास लागायला लागला, म्हणून ती खुर्चीतच बसून राहायची. डॉक्टर आले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले, आणि बाहेर ओट्यावर येऊन झेलीनला म्हणाले की ईस्टर पाहतील असं मी म्हणत नाही. झेलीन आत आली तेव्हा आईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि डॉक्टर काय म्हणाले हे विचारलंच नाही. थोड्या वेळानं म्हणाली, नोएमीला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आणि लगेच म्हणाली, राहू दे, तिचं घर मोडेल, तू काही करायला जाऊ नकोस. झेलीननं त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं.

सांगायचं कसं हा प्रश्न होता. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून तिनं टेलिफोन केला, तो हॅलोरनांच्या आईनं उचलला. कोण बोलतंय असं त्या बाईनं तिखटपणे विचारल्यावर झेलीन घाबरली आणि चुकीचा नंबर लागला म्हणून ठेवून दिला. चिठ्ठी पाठवावी तर त्या घरातलं टपाल नवरा फोडतो, हे तिथलं काम सोडून आलेल्या मोलकरणीकडून सगळ्यांना माहीत होतं. शेवटी ती मिस्टर अँब्रोजना म्हणाली, तुम्ही वाढायला वाकता तेव्हा नुसतं कानात सांगा, आई आजारी आहे म्हणून.

मिस्टर अँब्रोज चमचे पुसत होते. ते पुसायचे थांबले.

“मिस झेलीन, गोऱ्या बाईच्या कानाशी काळा माणूस वाकून कुजबुजला, तर तिचा नवरा मला आधी काय करेल आणि मग तिला काय विचारेल, हे तुम्हांला मी सांगायला हवं का?”

“नको,” झेलीन म्हणाली.

“मिस उर्सुलसाठी मी काहीही केलं असतं. हे सोडून.”

ते खरं होतं, आणि म्हणून तिला त्यांच्यावर चिडताही येईना.

शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी ती आईसाठी ताक-पाव काढायला फडताळापाशी गेली आणि तिथं वरच्या खिळ्याला भेंडीची माळ होती. भेंडी आमच्याकडे उन्हाळ्याची. तेव्हा ती रोज रस्स्यात पडते आणि तिचं कुणाला काही नसतं. पण आई दर उन्हाळ्यात काही भेंड्या दोऱ्यात ओवून वाळवायची, आणि ती सुकी भेंडी एरवी कधी वापरायची नाही. ही रीत त्या पणजीच्याही आधीची. उसाच्या मळ्यावर गुलामांच्या वस्तीत कुणी मेलं, तर रडायला थांबायची परवानगी नव्हती, घंटा वाजवायची नव्हती, मुकादमासमोर बोलायचंही नव्हतं. मग रांधणारी बाई त्या दिवशी पातेल्यात सुकी भेंडी टाकी. शेतात वाट्या गेल्या की ज्याच्या चमच्यात भेंडी येई त्याला कळे, आपल्यातलं कुणीतरी गेलं, आणि तो मान खाली घालून जेवे. गुलामी संपली, रीत राहिली. झेलीनचे वडील गेले तेव्हा नोएमी लहान होती. शाळेतून आली, ताटात भेंडी बघितली, आणि कुणी काही सांगायच्या आत चमचा खाली ठेवून ओट्याखाली जाऊन बसली होती.

झेलीन माळ हातात घेऊन तिथं बराच वेळ उभी राहिली. जिथं बोलता येत नाही तिथं बोलायची हीच एक सोय तिच्या माणसांनी तिला ठेवली होती. पण त्या सोयीत एकच शब्द होता. आजारपणाचा गंबो नव्हता, मरणाचाच होता. आई आजारी आहे, अजून वेळ आहे, लवकर ये, असं काही भेंडीला सांगता येत नव्हतं.

मग तिनं मनाशी हिशेब मांडला, आणि त्या हिशेबात तिचा रागही मिसळलेला होता हे मी लपवत नाही. आई आजारी म्हटलं तर नोएमी विचार करेल, पुढच्या शुक्रवारी बघू म्हणेल. आई गेली म्हटलं तर धावत येईल. गोरी झालेली माणसंसुद्धा आई-बापाच्या मयताला येत, असंच होतं आमच्याकडे. तोंडावर जाळी ओढून मागच्या फाटकानं यायची, शवपेटीपाशी गुडघे टेकायची, कॉफी न पिता निघून जायची, आणि ओट्यावर बसलेली माणसं तेवढा वेळ दुसरीकडे बघायची. नोएमी तशीच येईल, आत पाऊल टाकेल, आणि समोर आई खुर्चीत जिवंत बसलेली दिसेल. रडेल, चिडेल, झेलीनला नाही नाही ते बोलेल, पण आईच्या मांडीवर डोकं ठेवेल. चार दिवस आधी मेली म्हटलं तर काय बिघडतं, तिला वाटलं. तिनं माळेतल्या मूठभर भेंड्या तोडून एप्रनच्या खिशात टाकल्या.

शुक्रवारी तिनं मोठं पातेलं नेहमीसारखं केलं आणि बाजूला एका लहान भांड्यात थोडा रस्सा काढून त्यात भिजवलेली भेंडी शिजवली. शिजल्यावर ती काळपट आणि बुळबुळीत दिसायला लागली, पण वास मात्र घरचा सुटला. भिंतीकडचं टेबल आलं तेव्हा तिनं दोन वाट्या मोठ्या पातेल्यातून भरल्या आणि एक लहान भांड्यातून. मिस्टर अँब्रोजनी ट्रे उचलला, वाटीत बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मिस उर्सुल गेल्या? कधी?”

झेलीननं वाटीचा काठ फडक्यानं पुसला.

“मी सकाळी तुमच्या घरावरून आलो. खुर्चीत बसलेल्या दिसल्या मला.”

“मग बसलेल्याच आहेत. घेऊन जा. निवेल.”

त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला मान खाली घालावी लागली. पण ट्रे घेऊन ते गेले.

बाहेर काय झालं ते त्यांनीच नंतर सांगितलं, आणि एकेक शब्द ओढून काढावा लागला. नोएमीनं चमचा घातला, वर काढला, आणि त्यावरच्या भेंडीकडे बघत राहिली. मिस्टर हॅलोरन तिच्या वाटीत डोकावले आणि म्हणाले, हे काय, भेंडी, या दिवसांत, जुनंपानं काहीतरी घातलंय, परत पाठव. त्यांनी अँब्रोजना बोलवायला हात वर केला. तिनं तो हात धरून खाली आणला आणि म्हणाली, नको, छान आहे. मग तिनं ती वाटी संपवली. हळू नाही, भराभर, मान खाली घालून, मधे एकदाही न थांबता. सासू म्हणाली, भूक लागली होती वाटतं. ती म्हणाली, हो.

झेलीननं हे ऐकलं आणि पातेल्यामागं तोंड वळवून रडली. पण तिचं काम झालं होतं. कळलं होतं तिला.

त्या संध्याकाळी तिनं घर झाडून काढलं, पडदे बदलले, आईला निळा गाऊन घातला, आणि मागच्या फाटकाची कडी काढून ठेवली. शनिवारी सबंध दिवस ती कामाला गेली नाही. आईला वाटलं पोरगी आपल्यासाठी थांबलीय, म्हणून ती खूश होती. मधेच म्हणाली, फाटक का उघडं ठेवलंयस, कुत्री येतील. झेलीन म्हणाली, येऊ देत. रविवार गेला. चर्चहून लोक आले, ओट्यावर बसले, गेले. सोमवारी संध्याकाळी झेलीननं फाटकाला कडी घातली आणि मोरीत जाऊन बहिणीला मनसोक्त शिव्या घातल्या. टोप्या विकणारी, दगडाची, आईच्या मयताला न येणारी. इतक्या शिव्या तिनं त्या सगळ्या वर्षांत घातल्या नव्हत्या.

बुधवारी सकाळी मिस होर्तांस आली. ही शेजारीण सेंट चार्ल्सकडच्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये वेदीवरची वस्त्रं धुवायला जायची. ओट्यावरूनच तिचं रडणं ऐकू आलं; हातात फडक्यानं झाकलेलं राजमा-भाताचं भांडं होतं, डोक्यावर काळा रुमाल होता. आत आली, आणि आई खुर्चीत कॉफीचा कप घेऊन बसलेली दिसली.

“होर्तांस, कोण गेलं गं?” आईनं विचारलं.

होर्तांसच्या हातून भांडं पडायचं राहिलं. मग ती एकदम हसायलाच लागली, रडता रडता, भांडं टेबलावर आदळून खुर्चीत बसली, आणि आईचे हात धरून म्हणाली की बाई, तू शंभर वर्षं जगणार. मग झेलीन तिला डोळ्यांनी गप्प बस म्हणत असतानाच ती सगळं सांगून मोकळी झाली. सकाळी वस्त्रं द्यायला गेले तर मिस्सा चालू. फादर म्हणतात, उर्सुल हिच्या आत्म्याच्या शांतीसाठी. मी म्हटलं असेल दुसरी कुणी. पण पुढच्या बाकावर एकटीच एक बाई, तोंडावर जाळी, आणि खांदे हलतायत. जाळी उचलून नाक पुसलंन तेव्हा बघितली मी. आपली नोएमी. इतकी रडत होती, इतकी, की फादरसुद्धा मधे थांबले. मग मेणबत्ती लावलीन, आणि तिथंच फरशीवर बसली. उठवेना तिला. मला वाटलं तू रात्री गेलीस आणि झेलीननं तिला कसं तरी कळवलं.

आईनं कप खाली ठेवला. होर्तांसला तिनं कॉफी प्यायला लावली, राजमा-भाताचे आभार मानले, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि फाटकापर्यंत झेलीनला पाठवून निरोप दिला. झेलीन परत आली तेव्हा आई फडताळाकडे बघत होती.

“माळ तोकडी दिसतेय.”

झेलीन तिच्या पायाशी खाली बसली.

“आई, तू म्हणालीस तिला बघायचंय. मला दुसरं काही सुचलं नाही. मला वाटलं मयताला तरी येईल.”

“मयताला कशी येईल ती? तिच्या नवऱ्याच्या घरी माझं मयत केव्हाच झालंय. जिवंत आहे पण आजारी आहे, असं कळलं असतं तर कशीही आली असती. म्हाताऱ्या मोलकरणीला बघायला जाते म्हणाली असती, काहीही म्हणाली असती. मेलेल्या बाईसाठी घर कोण मोडतं?”

हे आई रागानं बोलली नाही, आणि म्हणून ते झेलीनला जास्त लागलं. ती म्हणाली, मी आत्ता जाते. पुढच्या दारानं जाते, घंटा वाजवते, काय व्हायचं ते होऊ दे. ती खरोखर उठलीही. आईनं तिच्या एप्रनचं टोक धरलं.

“काय सांगशील? आई मेली नाही, पुढच्या आठवड्यात मरणार आहे, तेव्हा पुन्हा एकदा रड?”

“आई.”

“एकदा रडलीय ती. फरशीवर बसून रडलीय. पुन्हा नको. बस खाली.”

झेलीन बसली. मग आईनं तिला होर्तांसनं सांगितलेलं परत सांगायला लावलं. कुठल्या बाकावर बसली होती, मेणबत्ती कुठल्या संताच्या पायाशी लावली, फादर खरंच थांबले का. झेलीनला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिनं सांगितलं, आणि जिथं ठाऊक नव्हतं तिथं घालून सांगितलं. आई डोळे मिटून ऐकत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी येत होतं. झेलीन तिच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडली. तिनं आईला आणि नोएमीला एकमेकींपासून तोडलं होतं, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं, चविष्ट करून, वाटीत वाढलं होतं.

तरी एक आशा उरली होती, आणि तिनं ती आईला सांगितली नाही. पुढचा शुक्रवार होता. पुढच्या शुक्रवारी नोएमी येईल, वाटीत भेंडी नसेल, फिले असेल, नेहमीचा रस्सा असेल. घरात मयत झालं की आमच्याकडे रांधणारी बाई महिनाभर कुठल्याच पातेल्यात फिले घालत नाही, हे नोएमीला पाठ होतं. ती फिलेचा वास घेईल आणि तिला कळेल की झेलीननं खोटं सांगितलं, आई आहे. मग ती टेबलावरून उठून येवो की न येवो, निदान तिच्या ठायी आई जिवंत होईल.

तो गंबो झेलीननं जसा केला तसा तिनं आयुष्यात केला नव्हता. पीठ इतकं सावकाश परतलं की शेजारचा आचारी म्हणाला, लग्न लावतेयस काय त्याचं. चिंबोऱ्या तिनं स्वतः बाजारात जाऊन एकेक उचलून, वजन हातात तोलून आणल्या होत्या. फिले तिनं आईच्या डब्यातली आणली, पेरोंची नाही. भांडं उतरवलं, पूड पेरली, झाकण ठेवलं, आणि झुलत्या दाराकडे बघत उभी राहिली.

मिस्टर अँब्रोज आत आले. “भिंतीकडचं टेबल आलं,” म्हणाले, आणि तिनं वाटी उचलली तेव्हा त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

“दोघंच आहेत. तो आणि त्याची आई.”

“आणि ती?”

“मी विचारलं, मॅडम नाही आल्या. तर तो हसून म्हणाला, तिला आता गंबो नको झालाय. यापुढं कधीच नको म्हणते. बायकांचं काय सांगावं, म्हणाला.”

झेलीननं ती वाटी बाजूला ठेवली. दोन वाट्या भरून दिल्या. दुपारभर ऑर्डरी येत राहिल्या आणि ती वाढत राहिली, कारण शुक्रवार होता आणि शहराला भूक होती. मिस्टर पेरो आत येऊन म्हणाले, झेलीन, आज माझ्या आजीची आठवण आली. ती म्हणाली, हो का, सर.

घरी गेल्यावर आईनं विचारलं, आली होती? झेलीन वाटेत ट्राममध्ये खोटं जुळवत आली होती, सगळं तयार होतं, पण आईच्या तोंडाकडे बघून तिला ते बोलवेना. नाही आली म्हणाली. यापुढं येणार नाही म्हणाली. आणि मग, स्वतःचीच समजूत काढल्यासारखं, म्हणाली की इतकी वर्षं माझ्या हातचं खायला यायची, एवढ्यानं तिचं तोंड कसं विटलं.

आईनं तिच्याकडे बघितलं. बघण्यात दया होती.

“तुला काय वाटलं, ती चिंबोरी खायला यायची? गोऱ्यांच्या घरात चिंबोऱ्या नाहीत?”

“मग कशाला यायची?”

“वाटीत भेंडी नाही एवढं बघायला यायची, पोरी. भेंडी नाही, म्हणजे आई आहे. ते बघून घरी जायची.”

बाहेर कुणीतरी ओट्यावरून हाक मारली, आईनं उत्तर दिलं, आणि झेलीन तशीच एप्रन न सोडता उभी राहिली. इतकी वर्षं ती दर शुक्रवारी बहिणीला निरोप पाठवत होती, आणि तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

आई ईस्टरच्या आधी गेली, खुर्चीत बसल्या बसल्या, सकाळची कॉफी अर्धी ठेवून. झेलीननं तिचे डोळे मिटले, केस विंचरले, आणि मग सांगायला निघाली. मिस होर्तांसला सांगितलं, ती या वेळी आधी येऊन बघून गेली आणि मगच रडली. फादरना सांगितलं. मिस्टर अँब्रोजच्या दारावर जाऊन सांगितलं. त्यांनी टोपी काढली, आणि विचारलं, आणखी कुणाला कळवायचं राहिलंय का, मी जातो.

झेलीननं मान हलवली. कुणाला नाही, म्हणाली. तिला मी आधीच कळवलंय.